सुलभा घाडीचं पान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं. घोडपदेवला आमच्या चाळीच्या गॅलरीत, उन्हं उतरल्यावर. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मध्ये परात, एका बाजूला ती, एका बाजूला मी. बोटांनी चिमटा काढायचा, दाणा सुळकन बाहेर. तिची मूठ भरायची तोवर माझ्या हातात तुटकी डाळ. "गिरणीत साच्यावर तुटलेला धागा जोडायचात म्हणे, आणि एवढं जमत नाही?" हे ती दर वेळी म्हणायची, त्या दिवशीही म्हणाली. रेडिओ कठड्यावर होता. त्याच्या बॅटरीचं झाकण कधीच हरवलेलं, तिथे तिच्या केसांचं रबर. एरियलला बांधलेली तार कपड्यांच्या दोरीपर्यंत नेलेली, नाहीतर आवाजापेक्षा खरखर जास्त. रेडिओतली बाई म्हणाली, उद्या सकाळच्या बातम्यांत एक खुलासा ऐका. सुलभाने ओल्या हातानेच माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"ऐकलंत? उद्यापासून मी कायदेशीर जिवंत."

मी हसलो नाही. त्या दिवसांत मला हसायला येत नव्हतं.

तेच दिवस आता परत आलेत. गणपती गेले. आमच्या भागात गणपती येतात तेव्हाचं सगळे सांगतात, गेल्यानंतरचं कोणी सांगत नाही. लालबागच्या रस्त्यावर मांडव अर्धे सोडलेले उभे असतात, कापड काढलेलं, नुसते बांबू. आतलं व्यासपीठ रिकामं. कुजलेल्या फुलांचा आणि भिजलेल्या गुलालाचा वास गटाराशी येऊन बसतो. रस्त्यात खांबांसाठी पाडलेले खड्डे तोंड उघडून पडलेले असतात. कालपर्यंत जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे मधोमध कुत्रं झोपतं. आणि कावळे. ते एरवीही असतात, पण पितृपक्ष लागला की ते माणसाकडे बघायला लागतात. कठड्यावर येऊन बसतात आणि मान तिरकी करून घरात किती माणसं आहेत ते मोजल्यासारखं करतात. हे मी पूर्वी कोणाजवळ बोललो नाही, लोक म्हणतील म्हातारा भ्रमिष्ट झाला. आता म्हणू देत.

आज सकाळी मी तोच रेडिओ लावला. काटा तिथेच आहे, तिने ठेवला तिथे. मी तो हलवत नाही. नुसती खरखर. आमचं केंद्र बंद पडलं. ज्या इमारतीत ते होतं तिला हिरवी जाळी लागली आहे, आत घण चालतात. तरी मी खरखर थोडा वेळ ऐकली. माणूस नाही तर माणसाची बसायची जागा बघतो, तसं.

त्या केंद्राचं नाव 'शेजार'. पण त्याचा जन्म रेडिओ म्हणून झाला नाही. लालबागला एक व्यायामशाळा होती, तिच्या गच्चीवर एक कर्णा होता. गिरण्यांच्या संपाच्या काळात साळवी आबा म्हणून आमच्याच खात्यातला एक जॉबर, म्हणजे मुकादम, संध्याकाळी त्या कर्ण्यावरून बातम्या सांगायचा. कुठल्या गेटवर सभा आहे, कुठे धान्य वाटतायत, कुठल्या गिरणीच्या भोंग्याला भुलून आत जाऊ नका. छापलेलं काही खरं वाटत नव्हतं, आबाचं खरं वाटायचं, कारण आबा त्याच लायनीत उभा असायचा. बातम्या संपल्या की तो खोकायचा. कर्ण्यातून तो खोकला घोडपदेवपर्यंत यायचा आणि बायका म्हणायच्या, चला, आबाचं झालं, भात टाका.

त्या वर्षी पितृपक्ष आला आणि एक वेगळीच गोष्ट झाली. गिरणगावात एकटे राहणारे पुरुष खूप. बायकापोरं कोकणात, हे इथे एका खोलीत वीस-वीस जण, जेवायला खानावळीत. असा माणूस इथेच गेला, गावाला कळवलं, गावाने रडून घेतलं, पण म्हाळ कोण घालणार? संपात गावीही खायला नव्हतं. म्हणजे मेलेलाही उपाशी. तेव्हा खानावळवाल्या बायका आबाकडे गेल्या. म्हणाल्या, आमच्याकडे जेवलेल्या माणसांची नावं वाच, आम्ही त्यांची पानं वाढतो. कोण कुणाचं पान वाढतंय ते सगळ्यांना कळू दे, म्हणजे कोणी वगळला जाणार नाही. आबाने वाचलं. आधी मेलेल्याचं नाव, 'पान' म्हणून. मग जिवंत माणसाचं, 'वाढणार' म्हणून. पान अमुक, वाढणार तमुक. रस्त्यावरची माणसं जिथल्या तिथे थांबली होती. ज्याला कोणी नाही त्याचं नाव आबा शेवटी घ्यायचा आणि विचारायचा, "याचं कोण वाढतंय?" मग कुठल्यातरी गॅलरीतून एखादी बाई ओरडायची, "मी! मी वाढतंय!"

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय. सुलभा तेव्हा माझ्या घरात नवी होती आणि एकदा तीही ओरडली होती. माझ्या आईने तिला आत ओढलं. "घरात खायला नाय, आणि हिका दुनियेचे पितर हवेत!"

गिरण्या गेल्या, आबा गेला, कर्णा गंजला. मग बऱ्याच वर्षांनी त्याच व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर शिकलेल्या चार माणसांनी सरकारकडून परवाना आणला आणि खराखुरा रेडिओ सुरू केला. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकले, आवाज घुमू नये म्हणून. बातम्यांना बातम्या म्हणायचं नाही, माहिती म्हणायचं, असा वरून नियम होता. आम्ही बातम्याच म्हणायचो. आज पाणी किती वाजता, कुठला रस्ता खोदला, कुठल्या चाळीला धोक्याची नोटीस लागली. दुपारी गप्पा, त्यात बायका फोन करून सुनांच्या तक्रारी सांगायच्या आणि सुना त्याच फोनवरून सासवांच्या. संध्याकाळी 'गाऱ्हाणं' असा कार्यक्रम. गावच्या देवळात घालतात तसंच. एकजण म्हणायचा, बा देवा म्हाराजा, आमच्या चाळीच्या जिन्यावरचा दिवा महिनाभर बंद असा, तो ज्याच्या अंगावर असा त्याका जाग येवंदे. बाकीचे म्हणायचे, व्हय म्हाराजा. कार्यालयात अर्ज देऊन जे होत नव्हतं ते कधीकधी याने व्हायचं. साहेबांनाही गाऱ्हाण्याची भीती वाटते.

आणि पितृपक्षात सकाळी, पाण्याच्या वेळेनंतर, आबाची पद्धत तशीच चालू. पान अमुक, वाढणार तमुक. केंद्रात कितीही नवी माणसं आली तरी ही गोष्ट कोणी बंद केली नाही. टॉवरमध्ये राहायला गेलेली माणसंसुद्धा फोन करून नाव द्यायची. कावळा त्यांच्या मजल्यापर्यंत उडतो की नाही ते मला माहीत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी, पितृपक्षात, माझ्या आईचा म्हाळ होता. सुलभाने नेहमीसारखं फोन करून नाव दिलं. तेव्हा केंद्रावर प्राची म्हणून नवी निवेदिका आली होती. दादरच्या घरातली, लग्न करून परळला आलेली. बोलणं स्वच्छ, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. तिच्या माहेरी ही पद्धत नव्हती. तिला वाटलं, जी बाई वाढणार तिचं नाव आधी घ्यायचं असेल, यजमानीणबाईंचा मान म्हणून. बाकीची नावं एका जुन्या माणसाने लिहून ठेवली होती ती बरोबर आली. आमचं तिने स्वतः फोनवर घेतलं होतं, उलट्या क्रमाने.

मी दाढी करत होतो. सुलभा मोरीत तांदूळ धूत होती. रेडिओ म्हणाला, "पान, सुलभा सहदेव घाडी. वाढणार, भागीरथी घाडी."

म्हणजे माझी मेलेली आई माझ्या जिवंत बायकोला जेवायला वाढणार.

माझ्या गालाला ब्लेड लागलं. मोरीतलं पाणी थांबलं. सगळ्या चाळीत रेडिओ लागलेले असायचे, एकाच वेळी सगळ्या दारांतून ते नाव बाहेर आलं होतं. मग मोरीतून हसण्याचा आवाज आला. हसणारी माझी बायको होती.

"अगो बाय माझे! सासू माझां पान वाढता! जिती असताना कधी धड भाकरी वाढल्यान नाय, आता बरी आठवण इली!"

शेजारच्या परब वहिनी धावत आल्या, पदर तोंडाला. बघतात तर ही तांदळाची टोपली घेऊन उभी. "सुलभा, मेले, माझ्या काळजाचं पाणी झालं!"

"रडलीस का?"

"रडणारच होते."

"मग रड ना. फुकट कशाला घालवतेस?"

अशी खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, असं सगळे म्हणाले. मीही तसंच ऐकत आलोय. पण ते साध्या दिवसांत. पितृपक्षात पितर दाराशी आलेले असतात, ऐकत असतात. त्यांना कोणी समजवायचं की ही चूक आहे? माझी आई आयुष्यात एकदा ऐकलेलं विसरली नाही. तिला सांगितलं गेलं होतं की सुनेचं पान तुला वाढायचं आहे. ती वाढणार.

मी शाळेत फार गेलो नाही, म्हणून असं वाटतं, असं माझी मुलगी म्हणते. असेल. शिकलेल्यांना काय वाटतं ते मला माहीत नाही. मला आई दाराशी उभी वाटत होती, ते मला माहीत आहे.

त्याच दुपारी मी गच्चीवर आईचं पान ठेवलं. भात, वडे, भाजी, तिला आवडायची म्हणून सुकटीची चटणीसुद्धा बाजूला लपवून. कावळे टाकीवर रांगेत बसलेले. एक उतरला. पानाभोवती चालला. माझ्याकडे बघितलं आणि उडून गेला. दुसरा आलाच नाही. ऊन कलेपर्यंत मी उभा होतो. परब वहिनी वर आल्या, म्हणाल्या, "म्हातारीचं काहीतरी मागणं आहे हो. काय ते कबूल करून टाका." मी हात जोडले. मोठ्याने बोललो, कारण आई शेवटी बहिरी झाली होती. "आये, तुका काय व्हया ता माग. हिका नेऊ नको. ती चूक हा. मी दुरुस्ती करून घेतंय."

कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा करून पानाला लावला आणि उतरलो. खाली सुलभा जिन्यात बसली होती. वर येत होती म्हणे, मध्येच दम लागला. "गॅस झालाय," म्हणाली. कपाळावर घाम होता. मी तिच्याकडे बघितलं आणि ती माझ्याकडे, आणि दोघांनी जिना जुना झाल्याची गोष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही केंद्रावर गेलो. तिला यायचं नव्हतं, मी नेली. प्राची बिचारी रडवेली. उठून सुलभाच्या पाया पडली. "काकू, माझ्या हातून काय झालं हे! मी आत्ता दुरुस्ती वाचते." पण आतल्या खोलीतून अध्यक्ष आले. चांगले गृहस्थ, पांढरा सदरा, हातात चहा. ते म्हणाले, पितरांच्या वाचनात आजवर कधी चूक झालेली नाही, दुरुस्ती वाचली तर लोकांचा विश्वास जाईल, समितीत ठरवावं लागेल.

"घाडी, लोक विसरलेसुद्धा."

"लोक विसरले असतील साहेब. ज्यांना सांगितलंय ते विसरायचे नाहीत."

"कोण?"

मी वर बोट केलं. त्यांनी छताकडे बघितलं. तिथे अंड्यांचे पुठ्ठे होते.

मग मी रोज जायला लागलो. दूध आणायला जायचं तसं. समितीतला एक गावाला गेला होता, एकाला ताप होता. पक्ष पुढे सरकत होता. मला एवढंच कळत होतं की सर्वपित्री अमावास्येला सगळे पितर परत जातात आणि जाताना एकटे जात नाहीत. त्याच्या आत हे शब्द हवेत जायला हवे होते, ज्या हवेतून ते पहिले शब्द गेले त्याच हवेत. घरी आलो की सुलभा विचारायची, "काय म्हणाले? आहे का मी अजून?" रस्त्यात ओळखीच्या बायका तिला बघून दचकायच्या, मग हसायच्या. वाण्याने तिला नारळ दिला, म्हणाला तुमच्यासाठी मी देवाला कबूल केला होता. ती तो नारळ घेऊन आली आणि त्याची सोलकढी केली. ती मजेत होती असं दिसायचं. पण रेडिओवर नावं सुरू झाली की ती हातातलं काम थांबवायची. आपलं नाव परत येतंय का, ते ऐकायची. मी बघितलंय.

शेवटी समिती बसली. प्राचीनेच तोड काढली. म्हणाली, दुरुस्ती केंद्राने वाचायची नाही, काकूंनी स्वतःच सांगायचं. चूक कबूल केल्यासारखंही होणार नाही आणि काम होईल. अध्यक्षांना पटलं. अमावास्येच्या सकाळी लावायचं ठरलं. आदल्या दिवशी सकाळी सुलभा आवाज टेप करून द्यायला केंद्रावर गेली. इरकली नेसली, गजरा घातला. रेडिओवर गजरा कोणाला दिसणार, मी म्हटलं. "ज्यांना बघायचंय ते बघतील," म्हणाली, आणि हे ती पहिल्यांदाच माझ्यासारखं बोलली. मला ते आवडलं नाही.

आत ती एकटी गेली. काचेच्या पलीकडे तिचे ओठ हलताना मला दिसत होते, आवाज येत नव्हता. मध्येच प्राची हसताना दिसली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय बोललीस?

"उद्या ऐका. तुम्हाला आधी सांगितलं तर तुम्ही त्यातही काहीतरी अपशकुन शोधाल."

येताना तिने वाण्याकडून गूळ घेतला आणि खोबरं. वाल मोडाला आधीच बांधून ठेवले होते.

मग ते वाल सोलणं. शेवटचा दाणा सोलला तोवर दिव्यांची वेळ झाली होती. समोरच्या तारेवर एक कावळा अजून होता, एवढ्या उशिरा. मी टाळी वाजवून हाकलला. ती उठली, परात उचलली, दाराशी गेली. उंबऱ्यावर थांबली.

"जरा धरा हे," म्हणाली.

मी परात धरली. तिने ती नीट माझ्या हातात दिली, एक दाणा सांडला नाही. मग ती उंबऱ्यावर बसली, जशी दमून बसायची तशी, आणि डोकं चौकटीला टेकलं. मला वाटलं, दम लागला. परात हातात घेऊन मी उभा राहिलो, ती उठेल म्हणून.

इस्पितळात जे सांगितलं ते तिथे जायच्या आधीच मला कळलं होतं.

गेल्या वर्षी अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या दिवशी, प्राचीने तिचं नाव परत वाचलं. या वेळी बरोबर वाचलं. पान, सुलभा सहदेव घाडी. वाढणार, सहदेव घाडी. ऐकलं आणि मला ती चुकीची बातमी बरी वाटली. तेव्हा निदान ऐकून हसणारी मोरीत होती. यंदा तर नाव वाचायलाही कोणी नाही. पान मी वाढीन. कावळा येतो तिच्या पानाला, लगेच येतो, थांबत नाही. लोक म्हणतात, सुखाने गेली, काही राहिलं नाही तिचं. मी ऐकून घेतो.

आईने नेली का? मला विचारलंत तर नेली. मुलगी म्हणते, हृदय आधीच थकलेलं होतं, जिन्यात दम लागत होता तेव्हाच न्यायला हवं होतं डॉक्टरकडे. तीही बरोबर असेल. दोन्ही खरं असू शकतं. आई माणसाला न्यायला येते ती काही ना काही रस्त्यानेच येते.

आता त्या सकाळचं. अमावास्या. सुलभाला घरी आणलं होतं, भिंतीकडे निजवलं होतं. मुलगी रात्रीच विरारहून आली होती, उशाशी बसलेली. खाली अंगणात बांबू आले होते, मांडवाच्या बांबूंसारखेच, तिरडी बांधायला. प्राचीचा फोन आला. तिला कोणीतरी कळवलं असणार. तिचा तो धुतलेला आवाज फाटला होता.

"काका, मी ते काढून टाकते. आज नाही लावत."

"काढायचं नाही."

"अहो काका, काकू त्यात म्हणतायत... लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. ती स्वतः येऊन सांगून गेली ना? गजरा घालून आली होती. लाव."

मी रेडिओ कठड्यावर ठेवला. तार दोरीला बांधली. आवाज पूर्ण केला. मुलगी आतून म्हणाली, "बाबा, हे काय चाललंय?" गॅलरीत माणसं उभी होती, जिन्यात होती, खाली बांबू धरून होती. पाण्याची वेळ सांगून झाली. मग ती बोलली.

"मी सुलभा सहदेव घाडी, घोडपदेव. या रेडिओने मला पितरांत वाचलं. मी पितर नाही. माझे गुडघे दुखतात, पितरांचे दुखत नसावेत. सासूबाई, तुम्ही ऐकत असाल तर तुमचं पान परत घ्या, मला घाई नाही. ह्यांना माझ्याशिवाय चहासुद्धा करता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच तसं वाढवलंत. आणि ज्यांनी ज्यांनी माझ्यासाठी हळहळ केलीत, त्यांनी आज माझ्याकडे जेवायला या. वालाचं बिरडं आहे. कावळ्याच्या आधी या."

खाली बांबू बांधणाऱ्याचे हात थांबले होते. कोणी रडत नव्हतं, कोणाला कळत नव्हतं रडायचं की काय. तारेवर कावळे होते. मग रेडिओवर पुढची नावं सुरू झाली. मी बटण फिरवून बंद केला.

मी आत गेलो. तिच्या पायांवरून न जाता कडेकडेने ओट्यापाशी गेलो. वाल रात्रभर पाण्यात होते, पांढरे, फुगलेले. तुटके होते ते माझे. पाणी ओतून दिलं, परात उचलली आणि बाहेर परब वहिनींच्या दाराशी नेली. आमच्या घरात चूल पेटणार नव्हती.

"भावोजी, आत्ता?" त्या म्हणाल्या. "आज?"

"शिजवा," मी म्हटलं. "गूळ-खोबरं आत फळीवर आहे. स्मशानातून आलो की सगळे जेवतील. तिने माणसं बोलावली आहेत."